यशा, प्रूफवरची सही माझी आहे

यशा,

तुझ्या पुस्तकाचं शेवटचं प्रूफ माझ्या समोर आहे. सुजाता पाच दिवसांपूर्वी स्वतः लालबागला येऊन देऊन गेली. तीन जिने चढून आली आणि पाण्याचा ग्लास हातात घ्यायच्या आधीच म्हणाली, "काका, बाबा गेले म्हणून थांबायचं नाही. सोमवारी छपाईला जायला हवं. चाळीतल्या सगळ्यांना मी पुढच्या महिन्यात बोलावून बसलेय." बोलताना कपाळाला आठी घालते, अगदी तुझ्यासारखी.

तू जाऊन सत्तावीस दिवस झाले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी तुझ्याबद्दल बरेच जण बोलले. मलाही आग्रह झाला. मी उठलो, तुझ्या फोटोकडे बघितलं आणि "मला बोलता येत नाही" एवढंच म्हणून खाली बसलो. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याचा गळा दाटून आला. बोलता न येण्याचं कारण वेगळं होतं. ते इथे लिहितो.

पुस्तक मी दोनदा वाचून काढलं. तुझ्या चाळीतल्या बासष्ट खोल्या, बासष्ट प्रकरणं. काना-मात्रेच्या चुका सापडल्या, एका ठिकाणी दोन परिच्छेद उलटसुलट झाले होते, ते नीट केले. फक्त तुझी प्रस्तावना शेवटपर्यंत बाजूला ठेवली होती. तिथे चौथ्या परिच्छेदात तू लिहिलं आहेस: "या लेखनाचा पहिला खर्डा आणि त्यासोबतची सर्व ध्वनिमुद्रणं माझ्या निष्काळजीपणामुळे नष्ट झाली. ज्यांनी विश्वासाने सांगितलं, त्या सर्वांची मी क्षमा मागतो."

शुद्धलेखनाची एकही चूक नाही. विरामचिन्हं जागच्या जागी आहेत. आणि वाक्य खोटं आहे. ते खोटं आहे हे तुला माहीत नव्हतं. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

आपण गिरगावच्या छापखान्यात एकत्र होतो तेव्हाचं तुला आठवत असेल. तू शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचास, मी प्रुफं वाचायचो. उलटी अक्षरं तू इतक्या सहज वाचायचास की मला हेवा वाटायचा. आपलं पहिलं मोठं भांडण लग्नपत्रिकेवरून झालं. एक पत्रिका छापून झाल्यावर त्याच जुळणीत तू दुसरी बसवलीस आणि आधीच्या मुलीचं नाव तसंच राहिलं. माझ्यासमोर प्रूफ आलं, मी जेवणाच्या सुट्टीच्या घाईत सही करून टाकली. मुलीचे वडील पत्रिकांचा गठ्ठा घेऊन आले. मालकांनी आपल्या दोघांना समोर उभं केलं. तू शांतपणे आपल्या खणातून सही केलेलं प्रूफ काढलंस आणि म्हणालास, "नाव राहिलं ती चूक माझी. ते सोडलं ती दत्ताची. ही सही बघा."

मी तुझ्याशी दोन महिने बोललो नाही. मग एकदा चहाच्या टपरीवर तुला गाठलं. "मित्र म्हणवतोस आणि मालकासमोर माझी सही दाखवतोस?"

"मग काय कुणाची दाखवू?"

"गप्प बसता आलं असतं."

"दत्ता, मी तुझी झाकली तर उद्या तू माझी झाकशील. मग त्या पत्रिकेतल्या मुलीचं काय?"

मी म्हटलं, चूक दुरुस्त झाली की संपली, ती कुणाची होती हे उगाळत बसू नये. तू म्हणालास, दुरुस्त झाली तरी ज्याची त्याच्या नावावर राहिली पाहिजे. हा वाद आपण आयुष्यभर घातला. छापखाना बंद झाला, आपण दोघं निवृत्त झालो, माझी सुमन गेली, तुझी बायको गेली, तरी कुठल्याही निमित्ताने तू तो उकरून काढायचास. शेवटी जिंकलास तूच. ते तुला सांगायचं राहून गेलं.

तुमची नायगावची चाळ पाडणार हे नक्की झालं तेव्हा तू कॉम्प्युटर घेतलास. प्रत्येक खोलीत कोण राहिलं, कुठून आलं, काय खाल्लं, कुणाशी भांडलं, हे सगळं लिहून ठेवायचं ठरवलंस. फोनवर लोकांचं बोलणं रेकॉर्ड करायचं, ते कॉम्प्युटरवर घ्यायचं आणि दोन बोटांनी टाइप करत बसायचं. अक्षर शोधताना तुझा हात हवेत थांबायचा, जणू समोर अजून खिळ्यांच्या खणांची केसच आहे. प्रत्येक खोलीची एक फाइल. सगळ्या फाइली एका फोल्डरमध्ये, आणि फोल्डरचं नाव नुसतं 'चाळ'.

मी आपला जाणकार. छापखान्यात शेवटची काही वर्षं पडद्यावर प्रुफं वाचली होती, तेवढ्या भांडवलावर तुला शिकवायला यायचो. मीच म्हटलं, "हा डबा एक दिवस बंद पडला तर? क्लाउडवर ठेवू."

"म्हणजे कुठे?"

"इंटरनेटवर. तिकडे त्यांची मोठी मशीनं असतात. इथे लिहिलंस की तिकडे आपोआप जातं."

"म्हणजे आपलं कपाट दुसऱ्याच्या घरात."

"पण किल्ली आपल्याकडे."

"किल्ली तुझ्याकडे म्हण," तू हसलास. "मला कुठे येतंय त्यातलं."

मी तुझ्या नावाने खातं उघडलं, फोल्डर जोडला. तेच खातं माझ्या लॅपटॉपवरही जोडलं, म्हणजे घरी बसून मला वाचता येईल. तुझ्या फोनची जागा भरली तेव्हा मी म्हटलं, "फोनमधलं पुसून टाक, सगळं वर गेलंय." तू पुसलंस. आपल्या अक्काचं रेकॉर्डिंगसुद्धा.

अक्का, तुझी थोरली बहीण, शेजारच्याच खोलीत राहायची. तिने तुला महिनाभर झुलवलं. "मला काय विचारतोस, मी काय पुढारी हाय?" म्हणायची. मग एका दुपारी तांदूळ निवडता निवडता तिने जात्यावरची ओवी म्हटली, मागोमाग दुसरी, आणि थांबलीच नाही. अकरा मिनिटं. मधे कुकरची शिट्टी होते, ती "थांब गं बाई" म्हणते आणि पुन्हा सुरू करते. तू मला ते त्याच संध्याकाळी ऐकवलंस. पुढच्या महिन्यात अक्का गेली. नंतर ते ऐकायची तुझी हिंमत होत नव्हती. "आहे ना वर, राहू दे. ऐकीन कधीतरी," म्हणायचास.

मग तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आधी एक डोळा, महिन्याने दुसरा. कॉम्प्युटर जवळजवळ बंदच होता. त्याच दिवसांत माझ्या लॅपटॉपवर जागा संपल्याची सूचना यायला लागली. मी विचार केला, 'चाळ' यशाच्या कॉम्प्युटरवर आहे, वर क्लाउडवर आहे, मग माझ्याकडे तिसरी प्रत कशाला? फोल्डर डिलीट केला. पडद्यावर इंग्रजीत चार ओळींचा प्रश्न आला. मी, जन्मभर स्वल्पविरामसुद्धा वाचल्याशिवाय पुढे न गेलेला माणूस, त्या चार ओळी न वाचता 'हो' दाबलं.

जिथे जिथे ते खातं जोडलेलं होतं, तिथून सगळं गेलं. ती तिसरी प्रत नव्हतीच, यशा. तिन्ही ठिकाणी एकच प्रत होती आणि मी ती पुसली. पुसलेलं काही दिवस तिकडच्या कचऱ्याच्या पेटीत राहतं म्हणे. तुझ्या दुसऱ्या डोळ्याची पट्टी निघेपर्यंत तेही दिवस संपले.

तुझा फोन आला, "दत्ता, फोल्डर रिकामा दिसतोय. जरा येतोस?" मी आलो. खुर्चीवर बसलो. दोन मिनिटांत माझ्या लक्षात आलं. तू मागे उभा होतास, काळा चष्मा लावून.

"माझ्या हातून काही दाबलं गेलं का रे? पट्टी होती तेव्हा एकदा उगाच चालू केला होता मी. नीट दिसत नव्हतं."

मी म्हणालो, "तसंच दिसतंय."

दोनच शब्द. मी ठरवून बोललो नाही. पण मागेही घेतले नाहीत. घरी गेल्यावर त्या खात्याची मेल उघडली तर त्यात पत्र पडलेलं होतं, चांगलं पाच आठवड्यांपूर्वीचं: तुमच्या खात्यातून बऱ्याच फाइली काढल्या गेल्या आहेत, हे तुम्हीच केलं का? मी ते पत्रही पुसलं. ते मात्र नीट वाचून पुसलं.

तुझ्यावर काय गुदरलं ते मी पाहिलं. तू खिडकीपाशी जाऊन उभा राहिलास. नंतर एवढंच म्हणालास, "अक्का पुन्हा गेली." मग वळलास. "चल. परत विचारू सगळ्यांना. पण या खेपेला कागदावर. आणि तू लिही. माझ्या हातावर माझा भरवसा नाही."

आता जे लिहितो ते लिहिताना लाज वाटते, पण तेही तितकंच खरं आहे. त्यानंतरची तीन वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली वर्षं होती. सुमन गेल्यानंतर माझे दिवस कसेबसे सरत होते. तू मला आठवड्यातून चार दिवस घराबाहेर काढलंस. तोवर अर्धी चाळ रिकामी झाली होती. माणसं पांगली होती, कुणी शिवडीला भाड्याने, कुणी माटुंग्याला मुलाकडे. आपण बसने जायचो. तू खिडकीजवळ बसायचास आणि मला कोपराने ढोसून सांगायचास, "दुरुस्तीवाले, उतरा."

दुसरी एक गोष्ट सांगायची राहिली आहे. छापखान्यात तीस वर्षं आपण एका टेबलावर डबे खाल्ले. तू माझ्या घरचं सुकं खाल्लंस, मी तुझ्या डब्यातली भाकरी. पण नायगावला तुझ्या घरी मी तेव्हा फक्त दोनदा आलो, आणि दोन्ही वेळा चहा घेऊन उठलो. जेवायला थांबलो नाही. "सुमन वाट बघत असेल" म्हणायचो. सुमन वाट बघत नसायची. तुमच्यात जेवलो हे माझ्या घरातल्या मोठ्यांना कसं सांगू, ही भीती होती. ती भीती माझी नव्हती असं मी स्वतःला सांगत आलो, पण पाय माझेच उठत होते. तू कधी टोकलं नाहीस. माझ्या या चुकीचं कुणी प्रूफ ठेवलं नव्हतं.

त्या तीन वर्षांत मी बासष्ट घरांपैकी निदान चाळीस घरांत जेवलो. पार्वतीमावशींनी शिवडीच्या त्या एवढ्याशा खोलीत बोंबलाचं कालवण वाढलं आणि विचारलं, "तुम्ही कोकणातले ना? मग सांगा, आमचं बरं की तुमचं?" मी म्हटलं, "तुमचं." तू म्हणालास, "मावशे, हा प्रूफवाला आहे, खोटं बोलणार नाही." मी मान खाली घालून जेवत राहिलो.

त्याच पार्वतीमावशींनी पहिल्या खेपेला सांगितलं होतं की नवरा देवमाणूस होता, मिल बंद पडली आणि तो खचून गेला. दुसऱ्या खेपेला, तू फोन न काढता नुसता समोर बसलास, मी वही घेऊन कोपऱ्यात, तेव्हा त्या म्हणाल्या, "आधी सांगितलं ते लोकांसाठी होतं. मारायचा मला. मिल चालू होती तेव्हा पण." आणि मग संथपणे सगळं सांगितलं. छापायला त्यांनीच परवानगी दिली. बाहेर पडल्यावर तू बसस्टॉपवर म्हणालास, "बघ, माणूस पहिल्यांदा चांगलं सांगतो, दुसऱ्यांदा खरं. ते सगळं गेलं ते एका परीने बरंच झालं. माझ्या चुकीचा पण उपयोग झाला."

तिथे, त्या बसस्टॉपवर, मी सांगायला हवं होतं. तू स्वतःच दार उघडून धरलं होतंस. मी म्हणालो, "बस आली."

पण अक्काचं काही दुसऱ्यांदा सांगता येणार नव्हतं. तिच्या प्रकरणात तू आठवून आठवून चार ओव्या लिहिल्यास आणि खाली कंसात 'बाकीच्या मला येत नाहीत' असं घातलंस. मी ते वाक्य प्रुफात चार वेळा वाचलं आहे.

नव्या इमारतीत तू जेमतेम आठ महिने राहिलास. अकराव्या मजल्यावरून खाली बघायचास आणि म्हणायचास, "भांडायला कुणी नाही रे इथे. सगळे दार लावून बसतात." मग परळच्या हॉस्पिटलातले ते दिवस. शेवटून दुसऱ्या भेटीत तुला धाप लागत होती, तरी पुस्तकाचंच चाललं होतं.

"प्रस्तावना वाचलीस?"

"वाचली."

"काही दुरुस्ती?"

"नाही."

"एकही नाही?"

"नाही."

तू माझ्याकडे बघत राहिलास. मग हसलास. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा तू माझं पान कोरं परत करतोयस, दत्ता." आणि माझा हात धरलास. धरूनच ठेवलास, नर्स येईपर्यंत. तू काय विचारत होतास ते मी गेले सत्तावीस दिवस स्वतःला विचारतोय. तुला ठाऊक होतं का? मला कळणार नाही. मला एवढंच कळतं की हात तू धरला होतास, मी नाही.

काल सकाळी प्रूफ घेऊन सुजाताकडे गेलो. तिला सगळं सांगितलं, लॅपटॉप, ते 'हो', ती मेल, ते दोन शब्द. मी संपवल्यावर ती म्हणाली, "आत्याचा आवाज."

"हो."

"तुमच्या हातून."

"हो."

ती उठून आत गेली. स्वयंपाकघरात भांडी आपटल्याचा आवाज आला. मी चपला घालायला उठलो, तर तिथूनच ओरडली, "बसा, काका. जाऊ नका."

बाहेर आली तेव्हा डोळे पुसलेले होते. "काका, पाच वर्षं बाबांनी त्या कॉम्प्युटरला माझ्याशिवाय हात लावला नाही. साधा कुणाचा फोटो बघायचा तरी मला हाक. 'सुजू, ये गं, मी काहीतरी दाबीन.' मी चिडायचे त्यांच्यावर. वैताग यायचा मला. ते तुम्ही मला परत देऊ शकता का?"

"नाही."

"मग माफ वगैरे मी करत नाही हं. ते बाबांचं बाबांनी बघितलं असतं."

मी म्हटलं, "माफी मागायला नाही आलो. ते वाक्य बदलायचंय. तुझी परवानगी हवी."

तिने पान हातात घेऊन ते वाक्य वाचलं. मग तुझी लेक म्हणाली, "बाबांचं वाक्य काढायचं नाही. तुम्हीच ना सांगायचा, लेखकाचं वाक्य प्रूफवाल्याने बदलायचं नसतं, शंका असली तर समासात लिहायची? मग लिहा. खाली. तुमच्या नावाने." आणि पान परत देताना म्हणाली, "आणि जेवून जा. मसूर केलाय."

मी जेवून गेलो, यशा.

आज टेबलावर बसून तळटीप लिहिली. पहिल्यांदा ती अर्धं पान झाली होती. त्यात मी माझं वय घातलं होतं, तुझे डोळे, माझं एकटेपण, इंग्रजीतला प्रश्न. सगळं खोडलं. आता तुझ्या वाक्यावर एक चांदणी आहे आणि पानाच्या तळाशी एवढंच: "हा निष्काळजीपणा लेखकाचा नव्हता, माझा होता. लेखकाला हे मी सांगितलं नाही. त्यांच्या थोरल्या बहिणीचा आवाज माझ्या हातून गेला. – दत्ता, या पुस्तकाचा मुद्रितशोधक."

पुढच्या महिन्यात पार्वतीमावशी हे वाचतील, बाकीची एकसष्ट घरं वाचतील. कुणाच्या घरी मला पुन्हा बोलावणं येईल, कुणाच्या येणार नाही. ते त्यांनी ठरवायचं. ज्या ज्या घरात जेवलो त्यांचं मीठ मात्र माझ्या अंगात आहे, आणि ते तुझ्यामुळे. तू मला माझी चूक दुरुस्त करायला तीन वर्षं हाताला धरून फिरवलंस आणि तुला वाटत होतं की तू तुझी दुरुस्त करतोयस. एवढं कुणी कुणासाठी केलेलं मी पाहिलेलं नाही.

शेवटच्या पानावर, जुन्या सवयीने, 'छपाईस योग्य' लिहून मी सही केली आहे. उद्या प्रूफ सुजाताकडे देईन. तिला सांगणार आहे, पुस्तक छापून झालं तरी ही प्रत टाकू नकोस. तुझ्या बाबांच्या खणात ठेव. उद्या कुणी विचारलं तर काढून दाखव, ही सही बघा म्हणावं, दत्ताची आहे.